बियाण्याच्या पिशवीला खूणचिठ्ठी लागते, मग उमेदवाराच्या नावाला का नको?



आजची नोंद जरा वेगळी आहे. हळदीचा पाला पिवळा पडून आडवा व्हायला लागलाय. पाणी तोडलंय. पंधरा-वीस दिवसांत पाला कापून काढणीला लागायचं. त्यावरच लिहायचं ठरवलं होतं. पण काल संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तर तिथं निवडणुकीच्या गप्पा चाललेल्या. एकजण हसत हसत म्हणाला, "आमच्या उमेदवाराला पाडायला समोरच्यांनी त्याच नावाचा माणूस हुडकून आणलाय, तीन गावं फिरून." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. का आलं नाही ते खाली सांगतो.

आधी एक गोष्ट विचारतो. सोयाबीनची पिशवी घेताना तुम्ही काय बघता? नुसतं नाव बघून घेता का? नाही. प्रमाणित बियाणं असेल तर निळी खूणचिठ्ठी बघता. वाण कुठला, लॉट नंबर काय, उगवण तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत. कारण आपण एकदा तरी फसलेलो असतो. दोन अक्षरं इकडची तिकडं केलेलं नाव, तसाच रंग, तसंच चित्र, आणि आत भलतंच. म्हणून नावावर विश्वास ठेवायचा नाही, खूण बघायची, हे आपण नुकसान सोसून शिकलो.

मतपत्रिका म्हणजे पण एक खूणचिठ्ठीच आहे. पाच वर्षांसाठी कुणाला निवडतोय ते त्या एका ओळीवर ठरतं. आणि त्या ओळीत नाव कसं लिहायचं, कुठल्या नंबरला लिहायचं, एका नावाची दोन माणसं असली तर काय करायचं, याचे नियम आहेत. बहुतेकांना ते माहीत नसतात. मलाही नव्हते. माझ्यावर वेळ आली तेव्हा कळले.

आधी नियम काय आहेत ते बघू

लोकसभा-विधानसभेला उमेदवारांची नावं यंत्रावर कशीही लावत नाहीत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आणि १९६१ च्या निवडणूक नियमांत ते दिलंय. तीन गट करतात. पहिल्या गटात मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार. दुसऱ्यात नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे. तिसऱ्यात अपक्ष. प्रत्येक गटात नावं आपापल्या वर्णानुक्रमाने. सगळ्यात शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा. तो २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला.

ही तीन गटांची पद्धत १९९६ च्या दुरुस्तीने आली. त्याच्या आधी सगळ्यांची नावं एकाच रांगेत असायची. म्हणजे पक्षाच्या उमेदवाराच्या अगदी शेजारी त्याच नावाचा अपक्ष येऊन बसू शकत होता. आता दोघांच्या मध्ये थोडं अंतर पडतं. सुधारणा म्हणायची तर एवढी झाली.

वर्णानुक्रम लावताना नावातलं पहिलं अक्षर बघतात. तुम्ही अर्जात आडनाव आधी लिहिलं तर आडनावाचं, स्वतःचं नाव आधी लिहिलं तर नावाचं. डॉक्टर, ॲडव्होकेट असलं काही पुढे लावलं तरी क्रम लावताना ते धरत नाहीत. आणि माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते नाव अर्जातल्या नावापेक्षा वेगळं असेल, तर यादी तयार व्हायच्या आधी लेखी अर्ज देऊन ते लावून घेता येतं. निवडणूक अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे एवढंच.

आता महत्त्वाचा नियम. दोन किंवा जास्त उमेदवारांचं नाव सारखंच असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी काही लिहून ते वेगळे दाखवायचे, असं नियमात स्पष्ट आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

२०१५ मध्ये निवडणूक आयोगाने नावासोबत उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली. कारण हेच, एका नावाचे उमेदवार. फोटो असायचा काळा-पांढरा, लहानसा. माझ्या आईला त्यातला माणूस कोण, तेच कळायचं नाही. २०२५ मध्ये नवीन सूचना निघाल्या आणि बिहारपासून लागू झाल्या. फोटो रंगीत, त्यात चेहरा तीन चतुर्थांश जागेत, नंबर मोठा आणि ठळक, सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरात. हे चांगलं झालं. उशिरा झालं, पण चांगलं झालं.

एका नावाचा फटका किती बसतो?

काही लोक म्हणतात, "आता कोण फसतंय? लोक चिन्ह बघून देतात." त्यांच्यासाठी थोडे आकडे.

२०१४, रायगड लोकसभा. सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष होते. त्यांना ९,८४९ मतं पडली. पक्ष कुठला, माणूस कसा, ते सोडा. आकडा बघा. फरकाच्या चौपटीपेक्षा जास्त मतं नावाच्या जोरावर दुसरीकडं गेली.

२००४, केरळात आलप्पुळा. व्ही. एम. सुधीरन हे १,००९ मतांनी पडले. तिथं व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाला ८,२८२ मतं पडली. फरक काय, तर 'एम' आणि 'एस'. केरळ म्हणजे देशात सगळ्यात शिकलेलं राज्य म्हणतात. त्याच केरळात २०१६ ला मंजेश्वरम विधानसभेत के. सुरेंद्रन ८९ मतांनी पडले आणि के. सुंदरा नावाच्या उमेदवाराला ४६७ मतं होती. म्हणजे अडाणी माणूसच फसतो, हे खरं नाही.

आणि चिन्ह बघून देतात म्हणता, तर २०२४ ची लोकसभा आठवा. एका पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. अपक्षांच्या यादीत 'ट्रम्पेट' हे चिन्ह होतं, त्याचं मराठी नाव पण 'तुतारी'च लिहिलं गेलं. साताऱ्यात त्या पक्षाचे उमेदवार ३२,७७१ मतांनी पडले आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. दिंडोरीत तर चिन्हाचा पण गोंधळ आणि आडनावाचा पण. भास्कर भगरे निवडून आले, पण त्याच आडनावाच्या, ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्षाला एक लाख तीन हजारांवर मतं पडली. एक लाख! तो द्राक्ष-कांद्याचा भाग. तिथला शेतकरी बाजारभाव तोंडपाठ सांगतो, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतो. पण मतदानाच्या खोलीत आपण पाच-दहा सेकंद उभे असतो. मागे रांग असते. डोळे कमी दिसतात. 'तुतारी' एवढंच डोक्यात घेऊन गेलेला माणूस पहिली तुतारी दिसली की बटण दाबतो. त्याला अडाणी म्हणू नका. खूणचिठ्ठी चुकली होती.

बाहेरच्या देशात पण हे झालंय. १९९४ ला ब्रिटनमध्ये युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीत एका माणसाने 'लिबरल डेमोक्रॅट' या पक्षासारखं दिसावं म्हणून 'लिटरल डेमोक्रॅट' असं लावून अर्ज भरला. दहा हजारांवर मतं घेतली. खरा लिबरल डेमोक्रॅट ७०० मतांनी पडला. त्यावर तिथं १९९८ ला पक्षांची नावं नोंदवायचा कायदा करावा लागला.

आता माझं

२०१५ ची गोष्ट. आमच्या विकास सोसायटीची निवडणूक लागली. तेरा संचालक. त्यातले आठ सर्वसाधारण कर्जदार गटातले, दोन महिला, बाकी राखीव. गावात दोन पॅनेल. एका पॅनेलमध्ये एक माणूस होता, त्यांचं नाव आणि माझं नाव एकच. आडनाव एक, नाव एक. फक्त वडिलांचं नाव वेगळं. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. भावकीतले नव्हेत, पण मी त्यांना अण्णा म्हणायचो.

अण्णांचा एकच मुद्दा होता. आमच्या सोसायटीचं खतविक्री केंद्र बंद पडलेलं. ते परत चालू करायचं. तालुक्याला चौदा किलोमीटर जायचं, युरियाच्या गोणीसोबत नको ती बाटली गळ्यात मारून घ्यायची, हे लिंकिंग तुम्हाला सांगायला नको. अण्णा म्हणायचे, गोदाम आहे, परवाना परत मिळतोय, तराजू आहे, फक्त बसणारा माणूस पाहिजे. हिशोब त्यांनी वहीत मांडलेला. मी स्वतः बघितला होता.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री समोरच्या पॅनेलचा पुढारी माझ्या घरी आला. त्या वर्षी माझं पीककर्ज थकलेलं. दोन वर्षं हळदीला कंदकूज लागलेली, हातात काही नव्हतं. तो म्हणाला, "तुझं नवं-जुनं मी करून देतो. तू फक्त अर्ज भर. प्रचार करू नको, पत्रक काढू नको, घरात बस." मी विचारलं, "मला कोण मत देणार?" तो म्हणाला, "तुला कुणी द्यायला नकोच आहे."

कळलं मला. दहावी पास माणूस आहे मी, एवढं कळतंच. तरी अर्ज भरला. सही केली. माघारीचा दिवस आला, त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गावाला बहिणीकडे जाऊन बसलो.

चिन्हाच्या वेळी पण मला सांगून ठेवलेलं. अण्णांच्या पॅनेलला कपबशी. मी मागायची किटली. मागितली, मिळाली. मतपत्रिका छापून आली. आडनावाप्रमाणे नावं लावलेली. माझ्या वडिलांचं नाव 'द' वरून, अण्णांच्या वडिलांचं 'म' वरून. म्हणून माझं नाव बरोबर त्यांच्या वर. फोटो नाही. गाव एकच, त्यामुळे गावाचं नाव घालून पण उपयोग नाही. म्हाताऱ्या माणसाने कपबशी शोधत शोधत खाली यायचं, त्याला आधी ओळखीचं नाव दिसायचं आणि पुढं चहाचंच काहीतरी चित्र. शिक्का मारायचा.

मी स्वतः माझं मत अण्णांना दिलं. बाकीचे सात त्यांच्याच पॅनेलला. त्याने काय होतंय म्हणा.

निकाल लागला. मला १९ मतं पडली. एका घरी मत मागायला गेलो नाही, तरी १९. अण्णा नवव्या नंबरला. आठव्या नंबरच्या माणसापेक्षा सहा मतांनी कमी. १९ मधली सात जरी त्यांच्याकडं राहिली असती तरी ते आत होते. शिवाय बाद मतपत्रिका निघाल्या. काही लोकांना शंका आली असणार, नेमका कुठला, म्हणून दोन्ही नावांवर शिक्का मारला. आठ मतांच्या जागी नऊ झाली. आख्खी मतपत्रिका बाद. म्हणजे माझ्या नावाने अण्णांचंच नाही, त्यांच्या पॅनेलच्या बाकीच्यांचं पण नुकसान केलं.

खतविक्री केंद्र झालं नाही. आजही बंद आहे. माझं नवं-जुनं झालं, ते कागदावर. पुढच्या वर्षी कर्ज होतं तिथंच होतं. हे लिहायला मला दहा वर्षं लागली. युरियाच्या रांगेत उभा राहिलो की दर खरिपाला हे आठवतं. ही रांग थोडी माझ्या सहीमुळं पण आहे.

अण्णा मला कधी काही बोलले नाहीत. बोलणं पण तोडलं नाही. फक्त एकदा डेअरीत आमच्या दोघांची दुधाची बिलं एकमेकांच्या खात्यावर पडली. सचिव माफी मागत होता. अण्णा माझ्याकडं न बघता त्याला म्हणाले, "असू दे रे. या नावाचा घोटाळा जुनाच आहे." त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही.

गाव काय करतं?

त्या बिलाच्या घोटाळ्यानंतर डेअरीने काय केलं? प्रत्येकाला कोड नंबर होताच, तो बिलावर मोठ्या अक्षरात छापायला लागले. परत चूक झाली नाही. गायीच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो. एका रंगाच्या, एका शिंगाच्या दहा गायी असल्या तरी कुठली कुणाची ते कळतं. गायीसाठी १२ अंक, आणि संचालकासाठी, आमदारासाठी नुसतं नाव?

आणि गावात बघा ना. एका नावाची पाच-पाच माणसं असतात. कधी गोंधळ होतो का? नाही. एक मळ्यातला, एक वरच्या आळीचा, एक गिरणीवाला, एक मिलिटरीवाला, एक मास्तरांचा. निरोप बरोबर माणसाला पोचतो. हजार वर्षं गाव हे करत आलंय. आणि वर सांगितलेला नियम पण हेच सांगतो, व्यवसाय लिहा, ठिकाण लिहा, आणखी काही लिहा. म्हणजे कायदा करणाऱ्याला गावाची रीत माहीत होती. अडचण अंमलबजावणीत आहे. तो नियम 'सारखंच नाव' असेल तर लागतो. वडिलांचं नाव वेगळं, एक अक्षर वेगळं, की कागदावर नाव 'वेगळं' झालं. नियम पाळला गेला आणि मतदार फसला.

मग एका नावाच्या माणसाला उभंच राहू द्यायचं नाही का?

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. बऱ्याच जणांना पटणार नाही.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच विषयावर याचिका गेली होती. न्यायालयाने ऐकून घेतली नाही. आई-बापांनी तेच नाव ठेवलं असेल तर त्या माणसाला निवडणूक लढवण्यापासून अडवायचं कसं, असा सवाल होता. माझ्यासारख्या डमी उमेदवारालासुद्धा ते म्हणणं पटतं. कारण उद्या माझ्या नावाचा एखादा पोरगा खरंच काम करायला उभा राहिला, आणि मोठ्या पुढाऱ्याचं नाव तेच निघालं, तर काय त्याने नाव बदलायचं?

दुसरा उपाय सांगतात, अनामत वाढवा. हा आपल्या मुळावर येणारा उपाय आहे, हे नीट समजून घ्या. १९९६ ला तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार उभे राहिले. शेतकऱ्यांच्या प्रश्नाकडं कुणी बघत नाही म्हणून अर्ज भरले. मतपत्रिकेचं पुस्तक झालं. त्याच वर्षी आपल्या शेजारी बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते, सीमाप्रश्नासाठी. आंध्रात नलगोंडाला ४८०, पाण्यातल्या फ्लोराईडसाठी. मी तेव्हा पंचविशीत होतो, बेळगावची चर्चा आमच्या एसटी स्टँडवर महिनाभर चालली. त्यानंतर काय झालं? लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली आणि विधानसभेची २५० वरून ५,०००. अपक्षाला एकाच्या जागी दहा सूचक लागायला लागले. आज अनामत २५,००० आणि १०,००० आहे, अनुसूचित जाती-जमातीसाठी निम्मी.

पण त्याने डमी थांबले का? डमीची अनामत तो स्वतः भरत नाही. माझी पण मी भरली नव्हती. ज्याला पाडापाडी करायची आहे त्याला पंचवीस हजार म्हणजे एका दिवसाच्या गाड्यांचं डिझेल. अडतो कोण? ज्याच्याकडं खरंच काही सांगायचं आहे आणि खिशात पैसे नाहीत तो.

तरी २०१९ ला निजामाबादच्या हळद उत्पादकांनी करून दाखवलं. हळदीला आणि लाल ज्वारीला भाव नाही, हळद बोर्ड पाहिजे, म्हणून लोकसभेला अर्ज भरले. एकूण १८५ उमेदवार, त्यातले १७० च्या वर शेतकरी. एका यंत्रावर नोटा धरून सोळाच नावं बसतात. त्यामुळं प्रत्येक केंद्रावर बारा-बारा मतदान यंत्रं जोडून ठेवावी लागली. नियमाप्रमाणे मान्यताप्राप्त पक्षांची नावं पहिल्या यंत्रावर, शेतकरी मागच्या यंत्रांवर. तरी देशभर बातमी झाली. तिथल्या विद्यमान खासदार पडल्या. जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय हळद बोर्ड निजामाबादलाच सुरू झालं. बोर्डाने भावात काय फरक पडला, त्यावर काढणी झाल्यावर वेगळं लिहीन. पण मुद्दा हा, की यादीत नाव घालण्याचा हक्क हे शेतकऱ्याचं पण हत्यार आहे. डमीला मारायला निघून ते हत्यार मोडू नका. तण मारायला मारलेलं औषध पिकावर पडलं तर नुकसान आपलंच.

मग करायचं काय?

माझ्या मते माणूस अडवू नका, खूणचिठ्ठी सुधारा. चार गोष्टी सांगतो.

एक. नाव हुबेहूब सारखं असायची वाट बघू नका. आडनाव आणि पहिलं नाव जुळलं, किंवा वाचायला-ऐकायला जवळचं वाटलं, की दोन्ही नावांच्या खाली ओळख छापायची सक्ती करा. गाव, व्यवसाय, लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव. ती ओळख उमेदवारांना दाखवून, हरकत घ्यायला एक दिवस देऊन मग छापा. 'सर', 'अण्णा', 'दादा' असलं काही लावायचं असेल तर त्या माणसाला खरंच तसं म्हणतात का, याची गावात चौकशी व्हावी. तलाठ्याला, पोलीस पाटलाला विचारलं तरी दहा मिनिटांत कळतं.

दोन. रंगीत फोटो सोसायटी, बाजार समिती, कारखाना सगळीकडं छापा. आपली सगळ्यात जवळची निवडणूक तीच आहे. आमदार चुकला तर पाच वर्षं कळत नाही, सोसायटीचा संचालक चुकला तर पुढच्या खरिपात कळतं. आणि तिथं एकेका मतावर निकाल लागतो. कुणी म्हणेल खर्च वाढेल. सोसायटी वार्षिक सभेच्या जेवणावर जेवढा खर्च करते त्यात ही छपाई निघून जाईल.

तीन. चिन्हांच्या यादीवर एकदा शेतकऱ्याच्या नजरेने हात फिरवा. कपबशी आणि किटली एका मतपत्रिकेवर नको. चिन्हाचं मराठी नाव दोघांचं एक नको. यादी अंतिम करायच्या आधी साठीच्या पुढच्या दहा माणसांना चष्म्याशिवाय दाखवा. जे दोन चित्र ते एकच म्हणतील त्यातलं एक काढा.

चार. एका गटातल्या नावांचा क्रम सगळ्या केंद्रांवर एकच कशाला पाहिजे? ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये मतपत्रिका छापतानाच नावांचा क्रम फिरवतात, म्हणजे वरच्या नंबरचा फायदा एकालाच मिळत नाही. आपल्याकडं मोठ्या निवडणुकीत हे लगेच जमणार नाही, कारण आपला प्रचारच 'दोन नंबरचं बटण' असा असतो. नंबर बदलला तर गोंधळ उलट वाढेल. पण सोसायटीच्या कागदी मतपत्रिकेवर, निदान एका नावाची माणसं शेजारी-शेजारी येणार नाहीत एवढं तरी करता येईल.

नियम व्हायचे तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात आहे तेवढं करा. मतदान केंद्राच्या बाहेर उमेदवारांची यादी लावलेली असते. तिथं पक्षाचं नाव पण असतं, आत यंत्रावर ते नसतं. आत जायच्या आधी एक मिनिट ती यादी वाचा. नंबर, नाव, फोटो, चिन्ह, चारही जुळलं तरच बटण. घरातल्या म्हाताऱ्यांना आदल्या दिवशी कागदावर लिहून समजावा. बियाण्याच्या दुकानात आपण एवढं बघतोच की.

आणि शेवटचं, माझ्यासारख्यांसाठी. कुणी रात्री घरी येऊन म्हणालं, "तू फक्त अर्ज भर, घरात बस," तर समजून जा. त्याला तुम्ही नको आहात, तुमचं नाव पाहिजे आहे. बापाने ठेवलेलं नाव ते. नवं-जुनं एका वर्षाचं असतं, नाव जन्माचं.

अण्णा आता सत्तरीच्या पुढे आहेत. हा मजकूर टाकायच्या आधी मी काल रात्री त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. टाक." मग थोडं थांबून म्हणाले, "बाद मतपत्रिका ३४ होत्या, ते राहिलंय."

ते पण लिहिलं.

सोमवारी पाला कापायला घेतोय. हळद काढणीची नोंद त्यानंतर टाकतो. तुमच्या सोसायटीत, कारखान्यात असलं काही झालं असेल तर लिहा. माणसाचं नाव लिहू नका, फक्त काय झालं ते लिहा.

राम राम.